गाडी आपली, कुलूप कुणाचे?



जिल्हा बैठकीच्या या अंकात कापसाचा भाव, पीकविमा आणि वीजबिल हे विषय आहेतच. त्यांच्या पंगतीत या वेळी आम्ही आणखी एक विषय मुद्दाम बसवला आहे, आणि तो वाचून काही जण हसतील. विषय आहे पिकअप गाडीच्या बोनेटखालचे सेन्सर. चळवळीच्या पत्रकात गॅरेजचे काय काम, असे ज्यांना वाटते त्यांनी आपल्या गावात दारापुढे उभ्या असलेल्या पिकअपा मोजाव्यात, त्यांतल्या किती हप्त्यावर आहेत ते विचारावे, आणि मग खुशाल हसावे.

कोरडवाहू शेतकऱ्याने पिकअप हौसेने घेतलेली नाही. पावसाच्या भरवशावर पिकणाऱ्या रानातला माल वर्षातून मोजक्या दिवसांत विकावा लागतो. वेचणी झाली की कापूस जिनिंगच्या काट्यावर न्यायचा. भाव पडायच्या आत न्यायचा आणि अवकाळी यायच्या आत न्यायचा. ज्वारी काढली की कडबा गंजीत भिजण्याआधी गिऱ्हाइकाच्या दारात टाकायचा. दुसऱ्याची गाडी अशा वेळी मिळत नाही, मिळाली तर भाडे दुप्पट. म्हणून बैलजोडी गेली आणि दारात पिकअप आली. ज्याच्या हातात गाडी त्याच्या हातात बाजार निवडण्याची ताकद, हे आमच्या माणसाने ओळखले. गावातल्या खेडा खरेदीवाल्याने भाव पाडला तर तो गाडी काढून दुसऱ्या तालुक्याचा काटा गाठतो. ही गाडी म्हणजे घासाघीस करण्याचे हत्यार आहे.

आता हे हत्यार ऐन हंगामात हातात अडकले तर?

आणि ते अडकते आहे. डिझेल संपले म्हणून नव्हे, इंजिन बसले म्हणूनही नव्हे. डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा लागतो, गाडी दम टाकते, चढाला रांगते किंवा सेल्फ मारून मारून बॅटरी उतरते. गावचा मिस्त्री बोनेट उघडतो, आत पाहतो आणि हात झटकतो : "दादा, सेन्सरचं काम आहे. शोरूमला न्या." शोरूम कुठे? जिल्ह्याच्या गावाला. मग टोचन, मग रांग, मग दोन दिवस मुक्काम, मग बिल. बिलात काय लिहिले आहे ते शेतकऱ्याला कळत नाही आणि विचारले तर सांगत नाहीत. शहरातल्या नोकरदाराची मोटार दोन दिवस शोरूमला राहिली तर तो रिक्षाने कचेरीत जातो. आमचा कापूस रिक्षाने जात नाही.

कसबा बावड्यात काय दिसले

हा विषय घेऊन आमचे काही कार्यकर्ते कोल्हापूरला, पंचगंगेच्या काठच्या कसबा बावड्यात गेले. कोरडवाहूची माणसे उसाच्या मुलखात कशाला गेली, असे विचाराल. कारण साधे आहे. आमचा कडबा तिकडे जातो. कोल्हापूरची म्हैस दूध देते ती काही नुसत्या उसाच्या वाड्यावर देत नाही. जत-मंगळवेढ्याकडच्या रानातला शाळूचा कडबा गाड्या भरभरून तिकडे उतरतो. शिवाय साखर कारखान्याच्या वाटेवरचे हे गाव असल्याने गळीत हंगामात तिथल्या गॅरेजवाल्यांना रात्रंदिवस गाड्या बघाव्या लागतात. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पाण्यात बुडालेल्या गाड्या ज्यांनी उघडून वाळवल्या, त्यांना वायरिंगमध्ये पाणी शिरले म्हणजे काय होते हे पुस्तकातून शिकावे लागलेले नाही.

आणखी एक कारण. कोल्हापूर हा लोखंडाशी बोलणाऱ्या माणसांचा जिल्हा आहे. शिवाजी उद्यमनगरात फारशी शाळा न शिकलेल्या मिस्त्रींनी बाहेरून आलेली तेलाची इंजिने उघडली, मापे घेतली आणि तशीच इंजिने स्वतः ओतून उभी केली. त्या इंजिनांनी दक्षिण महाराष्ट्रातल्या विहिरी उपसल्या. आजही कोल्हापूरच्या फौंड्र्यांत मोटार कंपन्यांसाठी लोखंडी ओतीव भाग तयार होतात. म्हणजे पाहा कसा न्याय आहे : ज्या जिल्ह्यातला कामगार इंजिनाचे ओतकाम करतो, त्याच जिल्ह्यातल्या मिस्त्रीला त्या इंजिनावर बसवलेला बोटभर सेन्सर नेमका कुठे आहे आणि त्याच्या तारेत किती व्होल्ट यायला हवेत, हे सांगायला कोणी बांधील नाही. लोखंड आमच्याकडून, माहिती मात्र कुलपात.

आधी माहिती, मग भांडण

जे आपल्याला कळत नाही त्यासाठी भांडता येत नाही. म्हणून मागण्यांच्या आधी, त्या गॅरेजमध्ये दोन दिवसांत जे समजून घेतले ते इथे मांडतो. गाडीगाडीत जागा थोड्या बदलतात, पण तत्त्व सगळीकडे एकच आहे.

जुन्या पिकअपचे इंजिन साधे होते. पंप डिझेल दाबायचा, नोझल फवारायचा, हवेच्या दाबाने डिझेल पेटायचे. वीज लागायची ती सेल्फला, हीटर प्लगला, दिव्यांना आणि पंपाच्या सोलेनॉइडला. धुराचे नियम कडक होत गेले. १ एप्रिल २०१७ पासून देशभर भारत स्टेज चार आले आणि १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा. त्याचा दुसरा टप्पा २०२३ च्या एप्रिलपासून लागू झाला. पंपाची जागा कॉमन रेलने घेतली. हजार बारच्याही वरच्या दाबाने डिझेल एका पोलादी नळीत भरून ठेवायचे आणि किती, केव्हा सोडायचे हे इसीएम नावाच्या पेटीने ठरवायचे. ही पेटी आंधळी असते. तिला जे दिसते ते सेन्सरच्या डोळ्यांनी. एक डोळा गेला की ती बिचकते आणि गाडी रांगायला लावते किंवा बंदच ठेवते.

डिझेल गाडीत ठिणगी नसते. तिचे 'इग्निशन' म्हणजे चावीचा स्विच, त्यामागचे रिले व फ्यूज आणि थंडीत लागणारे हीटर प्लग. सीएनजी किंवा पेट्रोलची पिकअप असेल तर प्रत्येक सिलिंडरच्या डोक्यावर स्पार्क प्लग असतो आणि त्याला ठिणगी देणारी कॉइल बहुधा त्याच्यावरच बसवलेली असते.

आता डोळे कुठे आहेत ते पाहू.

क्रँक सेन्सर : इंजिनाच्या मागे फ्लायव्हीलच्या घरावर किंवा पुढे क्रँकच्या पुलीपाशी, खालच्या अंगाला. दातेरी चक्राचे दाते मोजून इंजिन कुठे आहे आणि किती वेगाने फिरते हे तो सांगतो. सेल्फ जोरात फिरतो, गाडी घेत नाही आणि सेल्फ मारताना आरपीएमचा काटा जागचा हलत नाही, असे झाले तर पहिला संशय याच्यावर किंवा त्याच्या तारेवर. त्याच्या टोकावर लोखंडाचा कीस चिकटला तरी तो चुकतो.

कॅम सेन्सर : वर, हेडच्या झाकणापाशी किंवा टायमिंग कव्हरवर. तो गेला तर गाडी फार वेळ सेल्फ खाते, काही गाड्या चालूच होत नाहीत.

पाण्याच्या तापमानाचा सेन्सर : रेडिएटरचा वरचा पाइप इंजिनाला जिथे मिळतो तिथे, थर्मोस्टॅटच्या घराजवळ. इंजिन थंड असताना मीटरवर साधारण दोन-तीन हजार ओहम दाखवतो, तापल्यावर दोन-तीनशेवर येतो. न तापताच पंखा सतत पळत राहिला तर याला तपासा.

हवेचा सेन्सर : एअर फिल्टरच्या डब्यामागच्या पाइपात. आपल्या काळ्या रानाच्या धुळीचा हा पहिला बळी. फिल्टर झटकत बसून वर्षे काढली की हा मळतो आणि गाडी दम सोडते. हवेच्या दाबाचा दुसरा सेन्सर इनटेक मॅनिफोल्डवर असतो.

रेल प्रेशर सेन्सर : ज्या जाड पोलादी नळीतून इंजेक्टरकडे पाइप जातात, त्या नळीच्या टोकाला. इथे एक ताकीद. इंजिन चालू असताना या पाइपांचे नट कोणीही ढिले करू नयेत. जुन्या गाडीत आपण हवा काढायला नोझलचा नट सैल करत होतो. कॉमन रेलच्या दाबाचे डिझेल कातडी फोडून आत शिरते, हात गमवावा लागतो.

भारत स्टेज सहाच्या गाडीत याशिवाय सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारी जाळी असते. तिच्या पुढच्या आणि मागच्या दाबातला फरक मोजणारा सेन्सर दोन बारीक नळ्यांनी जोडलेला असतो. जोडीला धुराचे तापमान मोजणारे सेन्सर असतात, आणि काही गाड्यांत युरियाच्या द्रवाची टाकी व तिचे सेन्सर.

एवढे कळले की पुढची पायरी. सेन्सर बदलण्याआधी ही तपासणी क्रमाने करायची : बॅटरी, अर्थिंग, फ्यूज, रिले, कपलर आणि सर्वांत शेवटी सेन्सर. सेल्फ मारताना बॅटरी साडेनऊ व्होल्टच्या खाली जात असेल तर पेटी नीट चालणारच नाही, मग सेन्सरला दोष कशाला? अर्थिंगची पट्टी चॅसीला जिथे बोल्टने धरली आहे तिथे गंज असेल तर घासून घट्ट करा. कपलर काढून आतल्या पिना हिरव्या पडल्यात का पाहा. आणि उंदीर! ज्याच्या दारात कडब्याची गंज आणि शेजारी गाडी, त्याच्या वायरिंगवर उंदराचा दात पडलाच समजा. दीड बोट तार कुरतडली की शोरूममध्ये अख्खी वायरिंग बदलायचा कागद निघतो.

तीन तारांच्या सेन्सरला पेटीकडून पाच व्होल्ट येतात. चावी लावून, कपलर काढून, मीटरने ते येतात की नाही हे कोणालाही पाहता येते. एक सेन्सर आतून शॉर्ट झाला तर ही पाच व्होल्टची लाइनच बसते आणि तिच्यावरचे तीन-चार सेन्सर एकदम 'खराब' दिसू लागतात. ज्याला हे माहीत आहे तो एकेक कपलर काढून गुन्हेगार शोधतो. ज्याला माहीत नाही, किंवा माहीत असून बिल फुगवायचे आहे, तो चारही बदलतो. पेटीच्या तारांना जुना टेस्ट लॅम्प मात्र लावू नका, मीटरच वापरा. आणि पिवळ्या आवरणाच्या एअरबॅगच्या तारांना हात लावू नका.

दिवा म्हणजे निदान नव्हे

डॅशबोर्डखाली, चालकाच्या गुडघ्याच्या वर, सोळा पिनांचे एक तोंड असते. तिथे स्कॅनर लावला की पेटी आपल्या तक्रारी सांगते. पी ०३३५ म्हणजे क्रँक सेन्सरच्या सर्किटची तक्रार. पी ०३४० म्हणजे कॅम सेन्सरची. पी ०११८ म्हणजे पाण्याच्या तापमानाचा सेन्सर अवास्तव आकडा देतो आहे. पी ००८७ म्हणजे रेलमधला दाब कमी. हे क्रमांक जगभर सारखे आहेत, ती कुणाच्या बापाची मालमत्ता नाही. ते वाचणारे साधे यंत्र हजार रुपयांच्या आत मिळते आणि मोबाईलला जोडता येते.

पण नीट ऐका. कोड 'सर्किट' म्हणतो, 'सेन्सर' म्हणत नाही. कपाशीची पाने लाल पडली की आपण म्हणतो लाल्या आला. दुकानदार लगेच एक बाटली पुढे करतो. लाल रंग हे लक्षण आहे. मुळाशी मॅग्नेशियम कमी असेल, नत्र कमी असेल, बोंडांचा भार आणि रात्रीची थंडी एकदम आली असेल, किंवा मुळांशी पाणी साचले असेल. कारण न शोधता मारलेली फवारणी दुकानदाराचे पोट भरते. गाडीचेही तसेच आहे. पी ०३३५ दिसला म्हणून क्रँक सेन्सर बदलणारा मिस्त्री आणि लाल पान दिसले म्हणून बाटली देणारा दुकानदार हे सख्खे भाऊ. पी ००८७ आला तर दहा वेळा आधी डिझेल फिल्टर पाहावा. कॅनमधले, ड्रममधले डिझेल वापरणाऱ्या आपल्या माणसाचा फिल्टर पाण्याने आणि कचऱ्याने लवकर तुंबतो.

आता हिशोब मांडू. समजा एका फेरीला टोचन, मजुरी आणि न लागणारे सुटे भाग मिळून पंधरा हजारांचा फटका बसला. २०२५-२६ साठी संकरित ज्वारीचा जाहीर हमीभाव क्विंटलला ३,६९९ रुपये होता आणि लांब धाग्याच्या कापसाचा ८,११० रुपये. म्हणजे चार क्विंटल ज्वारी किंवा पावणेदोन क्विंटलांहून जास्त कापूस एका पिवळ्या दिव्यापायी गेला. तोही हमीभाव पदरात पडला तर. कोरडवाहू रानात एकरी चार-पाच क्विंटल कापूस निघाला तर आपण देवाला नारळ फोडतो. अर्ध्या एकराची वेचणी एका कुरतडलेल्या तारेला गेली!

कुलूप कुठे आहे

इथपर्यंतचे काम शिकून होण्यासारखे आहे. यापुढे शिकूनही होत नाही, कारण पुढे कुलूप आहे.

इंजेक्टर बदलला तर त्याच्यावर छापलेला कोड पेटीत भरावा लागतो, नाहीतर गाडी नीट चालत नाही. तो भरण्याचे सॉफ्टवेअर कंपनीकडे. काजळीची जाळी तुंबली तर ती उभ्या गाडीत जाळून मोकळी करण्याचा हुकूम स्कॅनरवरून द्यावा लागतो. हजार रुपयांचे यंत्र तो देऊ शकत नाही. जाळी तुंबण्याचा त्रास जास्त कुणाला? जी गाडी हायवेला वेगात पळते तिची जाळी वाटेत आपोआप जळून साफ होते. जी गाडी शेतरस्त्याने पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगते, चार मैल जाऊन बंद होते, तिची तुंबते. म्हणजे रस्ता आमचा वाईट, जाळी आमची तुंबणार, आणि ती मोकळी करायची किल्ली जिल्ह्याच्या गावी!

वायरिंगचा नकाशा, कोणत्या पिनेवर किती व्होल्ट, कंपनीचे स्वतःचे जास्तीचे कोड, हे सारे अधिकृत वर्कशॉपच्या भिंतीआड. गाडीबरोबर जे पुस्तक मिळते त्यात टेप कसा लावावा हे चित्रासह असते. क्रँक सेन्सर कुठे आहे हे शोधून दाखवा.

सेन्सर बहुतेक वेळा गाडीची कंपनी बनवत नाही. बॉश, डेन्सो यांसारखे सुट्या भागांचे कारखाने तो बनवतात. गाडीच्या कंपनीचे खोके वर चढले की त्याची किंमत बदलते. आमच्या डाळीला मिलमध्ये पॉलिश होऊन शहरात दुप्पट भाव येतो, तोच धंदा इथे उलट वाटेने गावात येतो.

त्यांचे म्हणणे आणि आमचे उत्तर

कंपन्या म्हणतात, हे नाजूक इलेक्ट्रॉनिक काम आहे, अडाणी मिस्त्रीच्या हाती दिले तर अपघात होतील. आम्ही विचारतो, मिस्त्री अडाणी ठेवला कोणी? माहिती द्यायची नाही आणि मग माहिती नाही म्हणून नालायक ठरवायचे, हा न्याय आम्हाला जुना परिचयाचा आहे. सुरक्षिततेची काळजी असेल तर नकाशा छापा, धोक्याच्या जागा लाल रंगात दाखवा. अंधारात काम करणाऱ्याचा हात पोळतो, उजेडात कमी पोळतो.

दुसरे म्हणणे, बाहेर हात लावला तर वॉरंटी जाईल. आणि तिसरे, हे आमचे बौद्धिक धन आहे. या दोन्हींचे उत्तर आम्ही देण्याची गरज नाही, देशाच्या स्पर्धा आयोगाने ते दिले आहे. २०११ साली एका ग्राहकाच्या तक्रारीवरून सुरू झालेल्या प्रकरणात आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी निकाल दिला. चौदा मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटींहून अधिक दंड ठोठावला. सुटे भाग आणि तपासणीची साधने स्वतंत्र गॅरेजना मिळू न देणे हा बाजारातल्या ताकदीचा गैरवापर आहे, असे आयोगाने म्हटले. भाग व साधने खुली करा, स्वतंत्र गॅरेजच्या वाटेत आडकाठी आणू नका, आणि बाहेर दुरुस्ती केली एवढ्याच कारणाने सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालू नका, असे आदेश दिले. त्या खटल्यात बहुतांशी मोटारी होत्या, पण तत्त्व मोटारीला वेगळे आणि कडब्याच्या पिकअपला वेगळे असू शकत नाही. कंपन्या अपिलात गेल्या, कोर्टात गेल्या. निकालाला दशक उलटले. आमच्या गावच्या मिस्त्रीच्या हातात काय आले? जिल्हा बैठकीत प्रत्येकाने याचे उत्तर द्यावे.

२०२२ च्या जुलैत केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. तिने निवडलेल्या चार क्षेत्रांत शेतीची अवजारे आणि वाहने ही दोन्ही होती. त्याच वर्षी २४ डिसेंबरला पोर्टल सुरू झाले. २०२५ च्या मे महिन्यात दुरुस्ती-निर्देशांकाचा अहवाल सादर झाला तो मात्र मोबाईल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंचा. म्हणजे शहराच्या खिशातला फोन आधी, शेतकऱ्याच्या दारातले इंजिन मागून. रांग कोणी लावली, कशी लावली, हे विचारण्याचा आम्हाला हक्क आहे.

हे काही आमच्याच मुलखाचे गाऱ्हाणे नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात २०१२ साली लोकांनी मतदान करून मोटार दुरुस्तीची माहिती खुली करणारा कायदा आणला. कोलोरॅडो राज्याने २०२३ साली खास शेती यंत्रांसाठी कायदा केला, तो १ जानेवारी २०२४ पासून लागू झाला. २०२५ च्या जानेवारीत तिथल्या सरकारी व्यापार आयोगाने जॉन डीअर या ट्रॅक्टर कंपनीवर दुरुस्तीच्या मक्तेदारीबद्दल खटला भरला. युरोपात २००७ च्या नियमापासून स्वतंत्र गॅरेजना दुरुस्तीची माहिती देणे कंपन्यांवर बंधनकारक आहे. आपले भारत स्टेजचे नियम युरोपच्या धर्तीवर बांधलेले आहेत. धुराचे आकडे युरोपातून आपल्या बोनेटपर्यंत पोचले. दुरुस्तीचा हक्क वाटेत कुठल्या फाट्यावर उतरला?

ट्रॅक्टरवाल्यांनी गालातल्या गालात हसू नये. पन्नास अश्वशक्तीच्या वरच्या ट्रॅक्टरांना २०२३ च्या जानेवारीपासून नवे धूर-नियम लागले आहेत आणि तिथेही पेटी व सेन्सर आले आहेत. आज पिकअप, उद्या नांगरट.

आपल्या बाजूच्या लोकांनाही दोन शब्द

आपल्यातले काही म्हणतात, हे सगळे झंझट नको, जुनी पंपाची गाडीच बरी. काही मिस्त्री त्याहून पुढे जातात. जाळी कापून टाकतात, पेटीला खोटा आकडा देणारे डबे लावतात आणि गाडी 'मोकळी' केली म्हणतात. आम्हाला हे मान्य नाही. काजळीचा धूर पहिल्यांदा आपल्याच पोरांच्या छातीत जातो, कारण गाडी अंगणात उभी असते. शिवाय अशी गाडी तपासणीत अडकते आणि दंड शेतकरी भरतो, डबा विकणारा नव्हे. या चळवळीने कधी नव्या तंत्रज्ञानाकडे पाठ फिरवलेली नाही. कॉमन रेलचे इंजिन तेवढ्याच डिझेलात जास्त काम देते, ते आम्हाला हवे आहे. धूर ठरवणारा पेटीतला मूळ हिशोब आणि चोरीपासून वाचवणारा चावीचा कोड कंपनीने बंद ठेवावा, आमची हरकत नाही. आमचे भांडण दुरुस्तीच्या दारावर लावलेल्या कुलपाशी आहे.

मागण्या

१. प्रत्येक पिकअपबरोबर मराठीत भागदर्शक नकाशा द्यावा : कोणता सेन्सर, रिले, फ्यूज कुठे, कोणत्या रंगाची तार, पिनेवर किती व्होल्ट आणि सुट्या भागाची छापील किंमत.

२. कंपनीच्या सर्व कोडचा अर्थ खुला करावा. इंजेक्टरचा कोड भरणे आणि जाळी जाळणे ही कामे कोणत्याही गॅरेजला वाजवी फी भरून करता यावीत.

३. सुटे भाग सर्वांना एकाच छापील किमतीत मिळावेत आणि खोक्यावर मूळ बनवणाऱ्याचा क्रमांक असावा.

४. बाहेर दुरुस्ती केली म्हणून वॉरंटी नाकारल्यास लेखी कारण देणे सक्तीचे करावे.

५. तालुक्याच्या आयटीआयमध्ये भारत स्टेज सहाचे चालू इंजिन आणि पूर्ण काम करणारा स्कॅनर असावा, आणि गावच्या जुन्या मिस्त्रींसाठी रात्रीचे वर्ग चालवावेत.

६. दुरुस्तीच्या हक्काचा कायदा करावा आणि त्यात शेतमाल वाहणाऱ्या गाड्या व शेती यंत्रे पहिल्या क्रमांकावर घ्यावीत.

कायद्याची वाट न पाहता

मागण्या दिल्लीत वाचल्या जातील तेव्हा वाचल्या जातील. या हंगामाआधी प्रत्येक तालुका शाखेने चार कामे करावीत. वर्गणी काढून एक मीटर आणि एक चांगला स्कॅनर घ्यावा, तो एखाद्या विश्वासू मिस्त्रीकडे ठेवावा. एक वही घालावी : गाडी कोणती, दिवा लागला तेव्हा कोड काय आला, शेवटी दोष कशात निघाला, खर्च किती झाला. शंभर नोंदी झाल्या की आपल्या मुलखाचा तो दुरुस्ती-ग्रंथ होईल, आणि कोर्टात पुरावाही. शोरूमला गाडी दिलीच तर जॉबकार्डाची प्रत आणि काढलेला जुना भाग मागून घ्यावा. गाडी तुमची, म्हणजे जुना सेन्सरही तुमचा. वॉरंटीतला बदल असेल तरच तो कंपनी ठेवते. आणि अडवणूक झाली तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक वहीत लिहावा. तोंडी शिव्या दिल्याने कुलूप उघडत नाही, लेखी तक्रारींच्या ढिगाने हलते.

लोखंडी नांगर आला तेव्हाही तो रानात नेमका काय करील, या शंकेने शेतकरी बिचकला होता. पण त्याचा फाळ झिजला तर तो बदलता येत होता आणि गावच्या लोहाराला त्यातले कळत होते, म्हणून तो रुजला. शेतकऱ्याने यंत्र स्वीकारावे असे ज्यांना वाटते, त्यांनी यंत्राबरोबर त्याची समजही विकली पाहिजे. किंमत आपण पुरी मोजली आहे, वर व्याजही भरतो आहोत.

जिल्हा बैठकीत वरील सहा मागण्यांचा ठराव मांडला जाईल. ठरावाला हात वर करण्याआधी प्रत्येक शाखेने आपल्या वहीच्या पहिल्या पाच नोंदी घेऊन यावे. वहीशिवाय आलेल्याचे भाषण ठेवले जाणार नाही.